गवताचा वाफा आणि तात्यांचं खुरपं

"येताना गवत घेऊन ये," असा भवानीनगरहून उज्ज्वलाताईचा फोन आला. ती माझी मावसबहीण. उसाच्या गावाला पुण्याहून गवत न्यायचं? पण ताई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. तिनं घरामागं फुलझाडांचे वाफे केलेत, तेही गणांनुसार. गण म्हणजे झाडांची लांबलचक भावकी. रविवारी प्राचार्य ते बघायला येणार होते. पटलं तर कॉलेजपुढची जागा अशाच बागेला, नाहीतर पार्किंगला. फक्त गवताच्या गणाचा वाफा रिकामा होता.

शनिवारी मोटारसायकल काढली. जाणार असाल तर मोरगावला भजी-चहासाठी थांबा आणि बारामतीच्या नर्सऱ्यांत डोकवा, रोपं पुण्यापेक्षा स्वस्त पडतात. मी शोभेचं गुलाबी गवत मागं बांधून घेतलं. पुढं इंदापूर रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागून निमूट चालवा.

ताईच्या बागेत मी चाटच पडलो. जास्वंदीशेजारी भेंडी, गुलाबाच्या वाफ्यात चक्क बोर! संध्याकाळी आम्ही गवत लावलं.

सकाळी वाफा लख्ख रिकामा. शेजारी ताईचे सासरे, तात्या, खुरपं झटकत उभे.

"तात्या, इथलं गवत?"

"काढलं की! मोठी मानसं यायची, आन् वाफ्यात गवात? म्हशीला टाकलं."

"अहो, यानं विकत आणलं होतं ते!"

तात्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "गवात इकत आणलं, पाव्हणं?"

ताई मटकन पायरीवर बसली. तिचे डोळे भरले, तसा तात्यांचा चेहरा उतरला. मलाही फार वाईट वाटलं. मग तिची नजर कुंपणापलीकडच्या उसावर गेली. तोड लांबल्यानं त्याला पांढरेशुभ्र तुरे आले होते.

"तात्या, तुऱ्याचं एक बेट खणून द्या."

"तुरा दावायचा? तुरा आला की उसाचं वजन घटतं, लोकं हसत्याल."

"ऊसही गवतच आहे, तात्या. त्याच गणातला."

"म्हंजी जल्मभर गवातच पिकवलं व्हय मी?" असं पुटपुटत ते कुदळ आणायला गेले.

प्राचार्य त्या वाफ्याशी थबकले. "बागेत ऊस?"

"गवात हाय ते, सायेब," तात्या ठणकावून म्हणाले. "आन् ते खुरपायचं न्हाय."

प्राचार्य इतके हसले की कॉलेजपुढची जागा बागेला तिथल्या तिथं मिळाली. ताईनं तात्यांना वाकून नमस्कार केला.

परत आल्यापासून कुंडीत काही आगंतुक उगवलं की माझा हात थांबतो. हे कुणाच्या भावकीतलं असेल? परवा अशाच एका नाजूक हिरव्या पात्याचा फोटो मी मोठ्या कौतुकानं तात्यांना पाठवला.

लगेच फोन आला. "हरळी हाय ती, पाव्हणं. उपटा!"