सायकलच्या टायरला रंग नव्हता

ती सायकल आजही डोळ्यांसमोर येते. सांवेर रोडवर सकाळच्या पाळीला निघालेल्या एका कामगाराला कारने उडवलं. तो इस्पितळात बेशुद्ध होता. कार आणि सायकल जागेवरून जप्त करून आम्ही पोलीस ठाण्याच्या आवारात आणल्या होत्या.

कारवाला तरुण जबाब देताना एकदाही अडखळला नाही. "साब, वो सफेद लाइन के बाहर चल रहा था. अचानक अंदर घुस आया." इतका सफाईदार जबाब ऐकला की माझे कान टवकारतात.

दुपारी कामगाराची बायको आली. आमच्या या हिंदी मुलखातली, पण मराठीच.

"साहेबजी, गुन्हा ह्यांच्यावरच लागला तर नौकरी जाईल."

"किनाऱ्यानं चालवत होते का?"

"किनाऱ्यानं? कधीच नाही. तिथं गिट्टी राहते, उभ्या गाड्यांचे दरवाजे उघडतात. हे लाइनच्या अंदरच चालवतात, हात-दीड हात सोडून."

हवालदार हसला. "लो भिया, घरवालीच बोल गई! बीच में चलेगा तो ठुकेगा ही."

बाईचा चेहरा उतरला. संशय मी तिच्यावरही घेतला होता. पण खोटं बोलणारा आपल्या फायद्याचं बोलतो. हिचा जबाब तर हवालदाराच्या हिशेबी नवऱ्यालाच बुडवत होता!

संध्याकाळी अपघाताच्याच जागी रस्त्यावर पट्टे मारणारा पेंटर तणतणत आला. "साब, सुबह ही लाइन डाली, गीली थी. कोई गाड़ी चढ़ा गया. सत्यानाश कर दिया!"

मी पंचांना घेऊन तडक आवारात गेलो. सायकल ती ओली लाइन ओलांडून आत आली असती, तर टायरला रंग लागला असता. दोन्ही टायरांवर नुसती धूळ होती. पांढरा रंग कारच्या डाव्या चाकांना होता.

कारवाल्याला त्या चाकांपाशी उभं केलं. "ये क्या है?"

तो म्हणाला, "हॉर्न दिया था साब, हटा ही नहीं. लेफ्ट से निकाल रहा था..."

गुन्हा त्याच्यावर दाखल झाला.

डाव्या बाजूनं चाला, एवढंच कायदा सांगतो. गटाराला चिकटून चाला, असं तो सायकलवाल्याला कुठेही सांगत नाही. ते आपण ठरवलंय, कारच्या काचेआडून आणि ठाण्याच्या खुर्चीतूनही. संशय आमचं हत्यार खरं, पण त्यालाही सवय लागते. तो आधी दुबळ्याकडे वळतो.

नवरा शुद्धीवर आल्याचं सांगायला ती बाई पुन्हा आली. जाताना दारात थांबली.

"साहेबजी, बरे झाल्यावर ह्यांनी सायकल कुठून चालवायची?"

"जिथून चालवत होते, तिथूनच."

या वेळी हवालदार हसला नाही.