लम्पीच्या साथीतला रतीब

आमच्या दूधवाल्या बाई माप भरलं की वर थोडी धार ओततात आणि म्हणतात, "ह्यां मांजराक." आमच्याकडे मांजर नाही, असं मी एकदा सांगितलं. "मगे पाळा," म्हणाल्या.

गुरांमध्ये लम्पीची साथ आली तेव्हा त्या रिकामी किटली घेऊन दारात आल्या. "भाऊनू, गायीक गाठी इल्यो. बरी होईसर दूध देवचंय नाय." आमच्या गावात, आचऱ्यात, आणखीही गुरं आजारी होती, पण घरोघर जाऊन सांगणाऱ्या त्या एकट्याच. आम्ही दुसऱ्या दूधवाल्याकडे रतीब लावला.

गाय बरी झाल्यावर त्या पुन्हा आल्या. लम्पी माणसाला होत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी म्हणालो, "अजून जरा भीती वाटते हो."

"मगे आता खंयचा घेतास?"

मी त्या दूधवाल्याचं नाव सांगितलं.

"त्येच्या गोरवांकय गाठी होत्यो."

"तो काही बोलला नाही."

त्यांनी किटलीचं झाकण घट्ट बसवलं. "मगे पुढच्या खेपेक मी सांगू काय नको? खराच इचारतंय, भाऊनू."

त्या उत्तरासाठी थांबल्या. मी उगाच आत वळून बायकोला हाक मारली.