हसवलेला आरसा
क्योतोच्या आमच्या स्टुडिओत सेटवरची वस्तू उचलायची असली, की 'काढा' म्हणत नाहीत, 'हसवा' म्हणतात. का, ते मला विचारू नका. मी तिथला सुतार, मला रंध्याबद्दल विचारा.

हिराकी सेइइची आमचा कलादिग्दर्शक. पडदे रंगवायला आला नि पुढं गावंच्या गावं उभी करायला लागला. शेगडी, दिवा, चहाची भांडी, जे लागेल ते घरून उचलून आणायचा. त्याची बायको तोमिको म्हणायची, "भाऊजी, यांना आवरा, एक दिवस मलाच उचलून नेतील!"

वसंतात ती गेली. दहन उरकून हा तसाच सेटवर आला नि खिळे मागायला लागला. डोळ्यांत टिपूस नाही. मला तर संतापच आला.

मुलगी मिनाए लग्न होऊन ओसाकाला निघाली होती. तिनं आईचं एकच मागितलं, आरशाचं ठेंगणं मेज. ते तेव्हा सेटवर, सिनेमातल्या सुनेच्या खोलीत मांडलेलं. "शूटिंग संपलं की ने," हा म्हणाला.

शूटिंगच्या दिवशी यानं कॅमेऱ्यातून पाहिलं. "गर्दी होतेय. आरसा हसवा." तोंडाची सवय! मेज घरचं आहे, हे कुणाला तरी सांगावं, असं त्याला सुचलंच नाही. सेटवरचं नको झालेलं लाकूड आमच्याकडे चुलीत जातं. तेही गेलं.

मिनाए आली तेव्हा आम्ही डबे खात होतो.

"जळलं ते," हा भात चावत म्हणाला.

"कुणी जाळलं, बाबा?"

"मीच उचलायला सांगितलं. गर्दी होत होती."

"आईची एवढीच वस्तू मागितली होती हो मी!"

"अरे शहाण्या, पोरीची माफी तरी माग!" मी ओरडलो.

"चुकलं," तो म्हणाला. कुणी वेळ विचारल्यावर सांगावी तसं.

ती रडली. मग तिनं कागद पुढं सरकवला. "निदान चित्र तरी काढून द्या."

खण, कड्या, कोपऱ्यातला टवका, सगळं भराभर उमटलं. पट्टीसुद्धा लागली नाही त्याला.

"आता समोर आई बसवा."

त्यानं पाठमोरी तोमिको काढली. किमोनोची नक्षी, कमरपट्ट्याची गाठ, मानेवरचे केस. पेन्सिल थांबली.

"आरशात तोंड दिसायला हवं ना, बाबा?"

त्यानं पेन्सिल खाली ठेवली.

"आठवत नाही गं," तो म्हणाला.