एकच पार्ट बदलायचा तर

आमच्या कॉम्प्युटरला गेमिंग कॉम्प्युटर म्हणायचं एकमेव कारण म्हणजे त्याच्या पोटात लाल दिवा लागायचा. बाकी सगळा स्वस्तातला माल होता आणि तोही सात वर्षांपूर्वीचा. मी आणि ताईनं शिकवण्या घेऊन तो जमवला होता. मग ताईचं लग्न झालं, ती नाशिकला गेली, आणि कॉम्प्युटर माझ्या एकटीच्या वाट्याला आला. ताई तिकडे दाजींच्या लॅपटॉपवर बसते, मी इकडे सुरतेत, आणि दर रविवारी दुपारी तीन वाजता, तिचे सासू-सासरे आडवे झाले की, आम्ही दोघी मिळून शत्रूवर तुटून पडतो. ताई पुढे धावते. मी छतावर पडून तिची पाठ राखते.

गेले तीन आठवडे मात्र ऐन हल्ल्यात माझा पडदा थिजायचा. दोन सेकंद, कधी चार. तेवढ्यात ताई मरायची.

"तू हँग झालीस आणि मी मेले," ती म्हणायची. दर वेळी हेच. शेवटी एका रविवारी तिनं शांतपणे सांगितलं, "पुढच्या रविवारपर्यंत काहीतरी कर. नाहीतर मी यांना घेते."

यांना म्हणजे दाजींना. माणूस भला आहे, पण म्हणून काय माझं छत त्यांना द्यायचं? मला मनापासून राग आला, आणि रागाच्या खाली चांगलीच भीती वाटली.

दिवाळीचा बोनस नुकताच हातात आला होता. त्यात एकच वस्तू बसत होती. पलसाण्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमधल्या ऑफिसला जायला बसमध्ये पाऊण तास जातो, तो त्या आठवड्यात मी यादी करण्यात घालवला. सोमवारी रॅम. मंगळवारी रॅम खोडून एसएसडी. बुधवारी एका व्हिडिओतल्या दाढीवाल्यानं प्रोसेसरशिवाय सगळं व्यर्थ आहे असं ठणकावलं, म्हणून प्रोसेसर. मला इतकी मजा यायला लागली की ऑफिसात पावत्यांवर शिक्के मारतानाही मी मनात पार्ट जोडत होते. गालातल्या गालात हसत होते म्हणे. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "नक्की झालं का?" त्यांना वाटलं माझं लग्न ठरलंय.

गुरुवारी दुकानात गेले. दुकानदारानं माझ्या मशीनची माहिती ऐकली आणि हात जोडले. "बेन, आने हवे रिटायर करो." याला आता निवृत्ती द्या म्हणे. मग म्हणाला, ग्राफिक कार्ड घ्या. पण नव्या कार्डाला वीज जास्त लागते, म्हणून पॉवर सप्लाय मोठा हवा. तो जुन्या डब्यात मावणार नाही, म्हणून डबा नवा. असं करत करत त्यानं मला सगळं घर बदलायला लावलं, आणि जुन्यातला लाल दिवा तेवढा शिल्लक ठेवला. मी उद्या येते म्हणून सटकले.

घरी अण्णा चहा पीत बसले होते. अण्णा म्हणजे आमचे वडील. तीस वर्षं लूमच्या कारखान्यात मास्टर आहेत, बिघडलेला माग दुरुस्त करणं हे त्यांचं काम. त्यांनी दुकानदारानं वाढवलेली माझी यादी डोळ्यांपासून लांब धरून वाचली.

"एकदम तीन पार्ट बदलशी तं कोनतामुळे सुधरनं ते तुले कसं समजी?" ते म्हणाले. "आनि पहिले उघाडीसन तं दख."

"अण्णा, हा काय लूम आहे का?"

त्यांनी कॉम्प्युटर चालू करायला लावला, गेम लावायला लावली, आणि डब्यावर तळहात ठेवून डोळे मिटले. कारखान्यात ते असेच उभे राहतात. शंभर माग धडधडत असतात, बोललेलं ऐकू येत नाही, तेव्हा बिघाड हातालाच कळतो. मी खुर्चीत बसून हसू दाबत होते.

"एक पंखा फिरत नही शे," ते म्हणाले. "कधीपासून शे हाई?"

"दसऱ्यापासून," मी म्हणाले, आणि बोलता बोलता माझं मलाच काहीतरी आठवलं.

दसऱ्याला आमच्याकडे अण्णांचे पाने-पक्कड, हुक, मायचं शिलाई मशीन आणि हा कॉम्प्युटर अशी एकत्र पूजा असते. मायचा हात सढळ. डब्याला वरून जाळी आहे. मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. माय एकदम भांडी लावायला लागली.

मशीन बंद करून, वायर काढून आम्ही डबा उघडला. प्रोसेसरच्या पंख्याच्या पात्यात कुंकवानं लाल झालेल्या अक्षता घट्ट अडकल्या होत्या, आणि एक झेंडूची पाकळी. अण्णांनी तुटलेला धागा ओढायचा बारीक हुक आणला आणि एकेक दाणा असा काढला की पात्याला धक्का लागला नाही.

"यंत्र शे ते," माय दारातून म्हणाली. "पूजा कराले नको?"

अण्णा इतके हसले की त्यांच्या हातातला हुक थरथरायला लागला. माय आधी रुसली, मग तीही हसली. दुसऱ्यांदा चालू केल्यावर पंखा गरगरला, प्रोसेसर तापायचा थांबला, गेम तासभर लोण्यासारखी चालली, आणि माझा बोनस जसाच्या तसा राहिला. मी घरभर नाचले.

रविवारी तीनला मी छतावर तयार होते. ताई धावली. माझा पडदा थिजला नाही, हात थिजला नाही, काहीच झालं नाही. मी नेम धरला, गोळी झाडली, ती भिंतीला लागली. ताई मेली.

पुन्हा खेळलो. पुन्हा मेली. पाचव्यांदाही तेच. कॉम्प्युटर ठणठणीत होता, आणि माझा नेम किती वाईट आहे हे लपवायला आता काहीच उरलं नव्हतं.

"ताई," मी म्हणाले, "तू दाजींनाच घे."

ती हसली. "तुझा नेम पहिल्यापासून असाच आहे. जिंकायचं तेव्हा मी यांनाच घेते."

"मग रविवारी मला कशाला?"

पडद्यावरची ताई जागीच उभी राहिली. मला वाटलं, पुन्हा हँग झालं.

"रविवारी मी माहेरी येते गं," ती म्हणाली. "मागे माय भांडी घासत असते ना, ते ऐकू येतं. नीट नाही येत. तुझा माइक खरखरतो."

सोमवारी ऑफिसातून परस्पर दुकानात गेले. दुकानदारानं ग्राफिक कार्डाचा खोका काढून ठेवलाच होता. मी म्हणाले, माइक दाखवा, सगळ्यात चांगला.

"बेन, माइकथी गेम फास्ट नहीं थाय," तो कळवळून म्हणाला.

पुढच्या रविवारी मी नवा माइक स्वयंपाकघराच्या दाराकडे वळवून ठेवला. तीन वाजले, ताई धावली, माझी गोळी भिंतीला लागली, ताई मेली, आणि मायनं आतून विचारलं, "जेवनी का वं ती?"

"जेवले," नाशिकहून ताई म्हणाली.