राणीची बाजू: ल्यूकनहून बेक्टिव्हच्या पडक्या मठाकडे

मे २०२१. लॉकडाउन सैल झाला, काउंटी म्हणजे जिल्हा ओलांडायला परवानगी मिळाली आणि पहिल्याच शनिवारी मी आईला गाडीत बसवलं. आई वसईची, निवृत्त शिक्षिका. मागच्या वर्षी माझ्याकडे तीन महिन्यांसाठी आली आणि विमानं बंद झाल्यामुळे इथेच अडकली. त्यात माझा नुकताच घटस्फोट झालेला. नवरा दुसरीसाठी सोडून गेला, तरी आईच्या लेखी मी कॅथलिक घरातली लग्न मोडणारी मुलगी. तिने एकदा तरी माझी बाजू घ्यावी, एवढंच मला हवं होतं.

ल्यूकनच्या आमच्या घराहून पाऊण तास. एम-थ्री महामार्गाला टोल लागतो, मठात प्रवेश फुकट. चहा घरूनच न्या. टॉयलेट नाही, हे आधी न सांगितल्याबद्दल मी बोलणी खाल्ली.

बॉइन नदीजवळ, गुरांच्या कुरणात मठ उभा आहे. छप्पर गेलंय, पण कमानी इतक्या देखण्या की आई टॉयलेटचं विसरलीच. कुत्रा फिरवणारे एक आजोबा म्हणाले, "युअर मॅन वॉन्टेड अ न्यू वाइफ, सो वी लॉस्ट द रूफ."

युअर मॅन, म्हणजे इथल्या बोलीत 'तो गडी': पाचशे वर्षांपूर्वीचा इंग्लंडचा राजा. हे शेजारचं बेटही तेव्हा त्याच्याच ताब्यात. राणीला सोडायची परवानगी पोपने नाकारली, तर गडी स्वतःच चर्चचा प्रमुख झाला आणि त्याने मठ बंद करून टाकले. इथे त्याच्या एका कारभाऱ्याने मठाची हवेली करून याच भिंतींत शेकोट्या बसवल्या.

वेदी असावी त्या गवतावर आई उभी राहिली. "बिचारी राणी. इतकी वर्षं संसार केला. शेवटपर्यंत म्हणत राहिली, मीच त्याची बायको."

"मग आई, मी कोण?"

"म्हणजे?"

"घटस्फोट म्हटलं की तू मला त्या राजाच्या पंगतीत बसवतेस. सोडून तो गेला. मी मागे राहिले."

थर्मासमधला चहा ओतून आईने आधी मला दिला. परतीच्या वाटेत पेट्रोल पंपावरचा चिकन फिलेट रोल मात्र तिने 'बरा आहे' म्हणत अख्खा संपवला.

बेक्टिव्हला जरूर जा, फोटो सुंदर येतात. माझ्याजवळ उरलंय ते मात्र घरी परतल्यावरचं. संध्याकाळच्या रोझरीच्या प्रार्थनेनंतर जावयाला सुबुद्धी होवो, मुलीचं घर पुन्हा जुळो, असं आई रोज मागायची. त्या संध्याकाळी ती अडखळली. मग म्हणाली, "देवा, माझ्या मुलीचं काही चुकलं नव्हतं. मलाच कळायला उशीर झाला."

मला आमेन म्हणता येईना. तिनेच म्हटलं.