बिननावाची डबी

दिवाळीच्या सुट्टीत माझ्या लेकीचा चेहरा एकाएकी निवळला, आणि घरात मी एकटीच अशी होते जिला त्याचा आनंद झाला नाही.

नववीत असल्यापासून तिच्या चेहऱ्यावर पुटकुळ्या होत्या. आधी कपाळावर, मग गालांवर, मग हनुवटीवर. काही पिकायच्या, काही नुसत्याच लाल गाठी होऊन बसायच्या. वयात येताना हे सगळ्यांनाच होतं, असं मी म्हणायचे. पण तिची कातडी मुळातच नाजूक. साबण बदलला की आग, लोकरीची टोपी घातली की कपाळ लाल. त्यात आमचं गाव हट्टा. इथं हळद शिजते, वाळते, पॉलिश होते. हंगामात उंबऱ्यापर्यंत तिचा धुरळा येतो. त्यामुळे चेहऱ्याला काहीही झालं तरी ज्याच्या त्याच्या तोंडी औषध एकच. शेजारच्या काकूंनी घरच्या हळदीत लिंबू पिळून लेप करून दिला. लेकीनं तो लावला आणि थोड्याच वेळात न्हाणीतून ओरडत बाहेर आली. दोन्ही गाल भाजल्यासारखे झाले होते.

काकूंना ते पटेचना. "आमची सासू लावत व्हती, आमी लावतो. हिलाच काहून लागली? पोरीच्या अंगातच उष्णता हाय."

त्यानंतर लेक स्कार्फ बांधूनच बाहेर पडायला लागली. अकरावीला वसमतच्या कॉलेजात गेली तेव्हा एसटीत सगळ्याच मुली तोंड बांधून बसलेल्या असायच्या, पण बाकीच्या उतरल्यावर सोडायच्या. ही वर्गातही सोडत नसे, असं तिच्या मैत्रिणीनं मला सांगितलं.

आणि मग त्या दिवाळीला चेहरा एकदम साफ. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. या नोकरीत संशय अंगात मुरतो. गणिताचं उत्तर बरोबर आलं आणि मधल्या पायऱ्याच नसल्या, की आधी शेजारी कोण बसलंय ते बघायचं. लेकीच्या चेहऱ्याचं तसंच होतं. उत्तर आलं होतं, पायऱ्या कुठंच दिसत नव्हत्या.

"काय लावून राहिलीस तोंडाला?" मी विचारलं.

"काही न्हाई. पाणी जास्त पिते."

तिचे वडील शेतातून येऊन हातपाय धूत होते. ते म्हणाले, "पोरगी चांगली दिसून राहिली, तर तुला काय तकलीफ हाय?"

मला काय तकलीफ होती ते मला धड सांगता येत नव्हतं. पण मी बघत होते. तिचे गाल काचेसारखे चमकत होते. करंज्या तळताना ती शेगडीजवळ आली की दोन मिनिटांत टोमॅटोसारखी लाल व्हायची आणि उठून पंख्याखाली जाऊन बसायची. कानाजवळ बारीक लव वाढली होती, ती आधी नव्हती. गालावर हात ठेवायला गेले तर मान मागे घ्यायची. न्हाणीतून आली की तिच्या भोवती गुलाबाचा गोडसर वास असायचा, आणि आमच्या घरात गुलाबाच्या वासाचं काहीच नव्हतं.

ती मैत्रिणीकडे फराळाचं ताट द्यायला गेली तेव्हा मी तिचं कपाट उघडलं. घरातले पुरुष जिथं चुकूनही हात घालणार नाहीत अशा ठिकाणी, सॅनिटरी पॅडच्या पुड्यात, एक पांढरी डबी सापडली. वर नाव नाही, तारीख नाही, कंपनी नाही, काहीच नाही. आत पांढरंशुभ्र, लोण्यासारखं मलम, आणि तोच गुलाबाचा वास. मी थोडं मनगटावर चोळलं आणि बघत बसले. काहीही झालं नाही. त्यानं माझा संशय उलट वाढला.

ती परत आल्यावर डबी तिच्यासमोर ठेवली.

"कोणी दिली?"

तिनं डबी उचलून ओढणीखाली घेतली. तेवढ्यात माझं मन कुठं कुठं फिरून आलं. कॉलेजातली एखादी मैत्रीण, मोबाइलवरची जाहिरात, एखादा मुलगा. शेवटी ती पुटपुटली, "काकूनं."

काकू म्हणजे माझी धाकटी जाऊ. दीर वसमतला राहतात आणि जाऊ घराच्या पुढच्या खोलीत ब्यूटी पार्लर चालवते. कॉलेज सुटल्यावर बस येईपर्यंत लेक तिच्याकडे थांबायची. आम्हा जावांमध्ये भांडण नव्हतं. पण एकत्र चहा प्यायला बसलो की दोघीही आपापल्या कपाकडे बघत बसायचो. हिनं माझ्या लेकीला मला न विचारता काहीतरी लावलं, आणि तेही लपवून ठेवायला शिकवलं, हे मनात आलं तसं मला दुसरं काही सुचेना.

भाऊबीज झाली आणि मी वसमत गाठलं. पार्लरमध्ये एक बाई भुवया कोरून घेत होती. ती जाईपर्यंत मी बाकावर बसून राहिले. मग पिशवीतून डबी काढली.

"यात काय हाय?"

जावेनं डबीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ताई, लेकरू रडत आलतं माझ्याकडं. तुमच्याकडं काहून न्हाई आलं, ते तुमी बघा."

"मी विचारलं, यात काय हाय."

"आयुर्वेदिक हाय. एक माणूस मोटारसायकलवर येतो, मोठ्या डब्यातून देऊन जातो. मी ह्या डब्यांत भरते."

"त्याचं नाव काय? दुकान कुठं?"

"दुकान काय करायचं? गुण येतो ना? मी सोता लावते की!" असं म्हणून तिनं चेहरा दाराच्या उजेडाकडे वळवला.

ती खरोखर उजळली होती. आणि तिचे गालसुद्धा काचेसारखे चमकत होते. तीच चमक, तीच लाली, कानाजवळ तीच लव. मी डबी पिशवीत टाकून उठले.

पुढच्याच आठवड्यात रजा टाकून लेकीला नांदेडला त्वचेच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीण बाई तरुण होत्या. त्यांनी भिंगातून लेकीचे गाल नीट बघितले, मग डबी उघडून पाहिली.

"नावच नाही म्हटल्यावर आत काय आहे ते मी खात्रीनं कसं सांगू? पण चेहरा सांगतोय. अशा मलमांत पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. ते सूज दाबतं, रंग उजळवतं, चार दिवस सगळं छान दिसतं. आणि तेवढ्यात कातडी पातळ होत जाते. आता हे बंद करायचं. बंद केल्यावर दाबलेलं सगळं उसळून वर येईल. घाबरायचं नाही, परत लावायचं नाही, मला येऊन दाखवायचं."

मग त्या लेकीकडे वळल्या. "चेहरा दिवसातून किती वेळा धुतेस?"

"आठवण येईल तवा. घासून धुते."

"कशानं?"

लेक माझ्याकडे बघून खाली बघायला लागली. "एकदा कपड्याच्या साबणानं धुतला. तेल निघावं म्हणून."

मला हे माहीतच नव्हतं. डॉक्टरीण बाई हसल्या नाहीत. "हे बघ, पुटकुळ्या म्हणजे मळ नव्हे. तू घाण नाहीस. घासून निघेल असं तुझ्या चेहऱ्यावर काही नाही."

लेकीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेचना.

त्यांनी जे सांगितलं ते अगदीच थोडं होतं. सकाळ-संध्याकाळ बिनवासाच्या सौम्य फेसवॉशनं, फक्त बोटांनी, चेहरा धुवायचा. सुती कापडानं टिपायचा, पुसायचा नाही. किंचित ओला असतानाच साधं मॉइश्चरायझर. उन्हात जाताना सनस्क्रीन. केसांचं तेल कपाळावर उतरू द्यायचं नाही, स्कार्फ आणि उशीचा अभ्रा सारखा धुवायचा, पुटकुळी फोडायची नाही. हळद, लिंबू, टूथपेस्ट, काही म्हणजे काही नाही. मुरुमांचं औषध असलेलं जेल नंतर, लाली उतरल्यावर, तेही आधी एका आड एक रात्री.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. आणि धीर."

परतीच्या बसमध्ये मला ते पटत नव्हतं. लेकीचा चेहरा जळून चाललाय आणि या बाई सांगतात, धुवा आणि टिपा. औषधाचं दुकान त्याच इमारतीत, तेही मला खटकलं. घरी आल्यावर प्रत्येक ट्यूबच्या मागचं बारीक अक्षर मी चष्मा लावून वाचलं, आणि काही दिवस माझ्याच जबड्याखाली लावून बघितल्याशिवाय तिच्या हातात दिलं नाही.

मग सगळं उसळलं. डॉक्टरीण बाईंनी सांगितलं होतं, पण ऐकणं वेगळं आणि सकाळी उठून ते तोंड बघणं वेगळं. गाल सुजले, पुटकुळ्यांवर पुटकुळ्या आल्या, डोळ्यांखाली कातडी सोलून निघाली. लेक कॉलेजला जाईना. वाऱ्याची झुळूकसुद्धा टोचते म्हणायची.

"बरा झालेला चेहरा तू बिघडवलास," ती मला म्हणाली.

"डॉक्टरनंच बिघडवलं," तिचे वडील म्हणाले.

मलाही आतून तसंच वाटत होतं, पण मी पुन्हा नांदेडला नेलं. बाईंनी सूज उतरायला गोळ्या दिल्या आणि तेच सांगितलं, धुवा, टिपा, थांबा.

ती पांढरी डबी मी माझ्या कपाटात साड्यांखाली ठेवली होती. कधी कुठं दाखवायची वेळ आली तर पुरावा असावा म्हणून. लेक चोरून लावेल अशी भीती होती, म्हणून मलमाच्या वरच्या थरावर काडीनं एक रेघ ओढून ठेवली होती. अधूनमधून झाकण उघडून बघायचे. एका रविवारी बघितलं तर रेघ नव्हती. बोट फिरवल्याचा खळगा होता.

मी डबी घेऊनच तिच्यासमोर गेले. "लावलंस ना?"

"न्हाई."

"मग हे कोणी काढलं?"

ती उठून उभी राहिली. सुजलेल्या चेहऱ्यात डोळे तेवढे दिसत होते. "आई, रोज सकाळी तू माझ्या तोंडाकडं बघती ना, ते मायेनं न्हाई बघत. चोर पकडायला बघती."

 मग ओसरीवरून तिच्या वडिलांचा आवाज आला, नेहमीपेक्षा बराच खालचा.

"मी घेतलं थोडं. टाचांला भेगा पडल्यात. म्हणलं, इतकं भारी औषध हाय तर..."

लेक आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. हसताना गाल ताणले म्हणून "आई गं" करून पुन्हा थांबली. मी त्याच पावली परसात गेले, खड्डा केला आणि मलम पुरलं. पुराव्याची मला गरज उरली नाही. ह्यांच्या टाचा मात्र मी पुढे कित्येक दिवस तपासत होते.

उन्हाळा लागता लागता लेकीची सूज उतरली. जेल सुरू झालं. तेव्हाच एका दुपारी जाऊ आमच्या दारात उभी राहिली, डोळ्यांपर्यंत स्कार्फ बांधलेला. न कळवता ती कधी आली नव्हती. घरात आल्यावरही तिनं स्कार्फ सोडला नाही. मला वाटलं, ही भांडायला आली.

"ताई," ती म्हणाली, "ती डबी हाय का अजून तुमच्याकडं?"

"कशाला पाहिजे?"

"तो माणूस येईनाच. फोन बंद लागून राहिला. माझ्याजवळचं समदं संपलं." आणि तिनं स्कार्फ सोडला.

तिचा चेहरा बघून मी हातातलं भांडं खाली ठेवलं. लेकीचा झाला होता तसाच, किंबहुना जास्त. लेक तर थोडेच महिने लावत होती, ही कितीतरी आधीपासून. इतके दिवस मी या बाईच्या मनात काय काय असेल याचे तर्क लढवत होते. हेवा असेल, धंदा असेल, मला खाली बघायला लावायचं असेल. तिच्या मनात त्यातलं काहीच नव्हतं. जे तिनं माझ्या लेकीला दिलं, तेच ती स्वतःच्या तोंडाला लावत आली होती.

"डबी न्हाई," मी म्हणाले. "पुरली मी ती."

तिनं स्कार्फ पुन्हा तोंडावर ओढला. "पार्लरवालीचंच तोंड असं. बायांना काय दाखवू? जराशी तरी असंल, बघा ना."

 लेक आत गेली, स्वतःचा फेसवॉश आणि धुतलेलं सुती फडकं घेऊन आली आणि काकूला हाताला धरून मोरीपाशी नेलं. "काकू, घासू नको. नुसतं बोटानं. आग व्हईल थोडी. आता दाबून टीप, पुसू नको." स्वतःच्या चेहऱ्याकडे कोणी बघतंय का याची तिला त्या वेळी शुद्धच नव्हती.

पुढच्या खेपेला आम्ही तिघी नांदेडला गेलो. जावेनं नंतर आपल्या गिऱ्हाइकांना फोन करून ते मलम बंद करायला आणि डॉक्टरला दाखवायला सांगितलं. काही बायांनी ऐकलं, काहींनी शिव्या दिल्या, दोघीतिघींनी दुसरं पार्लर धरलं. तिथं डबीत काय मिळतं कोण जाणे. जावेचा चेहरा निवळायला लेकीपेक्षा कितीतरी जास्त दिवस लागले. चहा प्यायला मात्र ती आता अधूनमधून येते, आणि आम्ही एकमेकींकडे बघून बोलतो.

लेक सध्या परभणीला हॉस्टेलवर आहे. काही डाग राहिले आहेत, परीक्षेच्या दिवसांत हनुवटीवर एखाददुसरी पुटकुळी येतेच. परवा व्हिडिओ कॉलवर तिचा चेहरा मला फारच नितळ दिसला.

"फिल्टर लावलास का गं?"

"न्हाई, आई."

"मग एवढा कसा गुळगुळीत? नवीन काय लावून राहिलीस?"

तिनं कपाळावर हात मारला, फोन घेऊन खिडकीशी गेली आणि उन्हात कॅमेरा गालाच्या इतका जवळ धरला की मला आधी काहीच दिसेना. मग एकेक डाग दिसायला लागला. कपाळावरचा, नाकाशेजारचा, जबड्यावरचे ते दोन.

"झालं समाधान?" तिनं विचारलं.

मी म्हणाले, "दुसरा गाल दाखव."