दोन मुलींची शाळा

आमच्या हायस्कूलची स्मरणिका निघणार होती आणि शाळेचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी तिथे वीसेक वर्षं मराठी शिकवते. माहेर-सासर दोन्ही उसाच्या शेतीतलं, ख्रिस्ती नाही. शाळा ज्या संतांच्या नावाची आहे ते सुतार होते, येशूला लहानाचं मोठं करणारे. फाटकाशी त्यांचा पुतळा आहे, हातात रंधा. एवढंच मला माहीत होतं, आणि ते पुरेसं वाटत होतं.

जुने हजेरीपट चाळताना सुरुवातीच्या वर्षातलं एक पान सापडलं. जवळजवळ महिनाभर सगळा वर्ग गैरहजर, फक्त दोन मुली हजर. सख्ख्या बहिणी; तेव्हा शाळेत एकच वर्ग होता. चौकशी केली तेव्हा कळलं, धाकटी वारली, थोरली आष्ट्यात मुलाकडे असते. एका रविवारी एसटीने गेले.

आजी सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी पटाचं पान दाखवलं. त्या हसल्या.

"आवं बाई, तवा गावात उठलं हुतं, सिस्टर पोरं बाटीवत्यात म्हणून. एका दिसात शाळा रिकामी. आमचं वडील पलटणीतनं पेन्शनीवर आल्यालं. ते म्हनाले, माझ्या शेजारच्या खाटंवर धा वरसं किरिस्ताव गडी झोपायचा, त्यानं मला न्हाई बाटीवलं."

वडील दोघींना घेऊन शाळेत गेले. पुतळ्यापाशी थांबून त्यांनी सिस्टरना विचारलं, हे कोण? सिस्टर केरळच्या, मराठी तुटकं. त्या म्हणाल्या, "सुतार. काम करून घर चालवणार."

"मग आमच्यातलंच की," वडील म्हणाले आणि मुलींना वर्गात बसवून आले.

त्या महिन्यात सिस्टर दोघींसाठी फळा भरून लिहायच्या. घंटा वेळेवर व्हायची. मधल्या सुट्टीत लंगडीला भिडू कमी पडायचे, म्हणून सिस्टर पदर खोचून खेळायच्या. मग शेजारची एक पोर आली, तिच्यामागे आणखी चार. पुढे कुणी काही बोललं नाही.

मी वही मिटत होते, तेवढ्यात आजी म्हणाल्या, "म्होरलं बी लिव्हा. सातवीत माझं लगीन लावलं. त्याच वडलांनी. सिस्टर दोनदा घरी आल्या, हात जोडलं. वडील म्हनाले, शाळा ही शाळा, लगीन हे लगीन."

"तुम्हाला राग आला नाही?"

"आला की. लय आला. पन सांगायचा कुनाला?"

मी दोन्ही गोष्टी लिहिल्या. स्मरणिका समितीत एक माजी विद्यार्थी म्हणाले, लग्नाचं काढा, आनंदाच्या अंकात ते बरं दिसत नाही. मला त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं वाटलं नाही. कागद आताच्या मुख्याध्यापिका सिस्टरांकडे गेला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"ज्यांनी सांगितलं, त्यांना विचारलंत?" त्यांनी मला विचारलं.

"त्यांनीच लिहायला सांगितलं."

"मग राहू दे."

अंक छापून आल्यावर एक प्रत घेऊन मी आष्ट्याला गेले. सून वाचून दाखवते म्हणाली, तर आजींनी अंक तिच्या हातातून काढून घेतला. चष्मा लावला. ओळीखाली बोट फिरवत, ओठ हलवत त्या वाचत राहिल्या. दोन पानांना बराच वेळ लागला. मधे चहा आला, तो गार झाला. सिस्टर घरी आल्या होत्या त्या ओळींवर बोट थांबलं, मग पुढे सरकलं.

वाचून झाल्यावर त्यांनी अंक सुनेकडे दिला.

"ह्ये तुझ्या पोरीला वाचाय दे," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "बाई, भाकरी टाकाय सांगितलीया. जेवल्याबिगर उठायचं न्हाई."